अंदमानला जायचे तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, दिवाळीत नव्हे

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

दरवर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास आपल्या दैनिकाच्या पहिल्या पानावर 'मान्सून अंदमानात दाखल' अशी बातमी येते आणि उकाड्याने हैराण झालेला महाराष्ट्र ती वाचून सुखावतो. २०२४ साली हवामान खात्याने ही वर्दी १९ मे रोजी दिली, तर २०२५ मध्ये १३ मे रोजीच मोसमी वारे निकोबार बेटांवर आणि दक्षिण अंदमान समुद्रात पोहोचल्याचे जाहीर केले. याच दिवसांत वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर अंदमानच्या उन्हाळी सुट्टीतील सहलींच्या जाहिराती झळकत असतात. ही दोन पाने एकमेकांशेजारी ठेवून वाचण्याची सवय आपल्याला नाही. ज्या पावसाच्या आगमनाने आपण इथे हरखून जातो, त्याच पावसात आपल्याच गावची काही कुटुंबे तिकडे धक्क्यावर सामान घेऊन, बोट सुटणार की नाही याची वाट पाहत उभी असतात. त्यासंबंधी काही लिहावे, म्हणून हा पत्रप्रपंच.

पर्यटन पुरवण्यांत आणि सहल आयोजकांच्या माहितीपत्रकांत अंदमानच्या प्रवासासाठी 'ऑक्टोबर ते मे' हा काळ उत्तम असल्याचे सर्रास छापले जाते. या काळात हॉटेले उघडी असतात, पाण्यातले खेळ चालू असतात आणि विमानांच्या फेऱ्या भरपूर असतात, म्हणून व्यवसायाच्या दृष्टीने ते विधान खोटे म्हणता येणार नाही. मात्र वर्षातले आठ महिने एका दमात उत्तम ठरवून वाचकाला काहीच सांगितल्यासारखे होत नाही. पोर्ट ब्लेअर, म्हणजे सप्टेंबर २०२४ पासूनचे श्रीविजयपुरम, येथे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. मे ते सप्टेंबर या प्रत्येक महिन्यात सरासरी साडेतीनशे मिलिमीटर किंवा त्याहून अधिक, ऑक्टोबरात तीनशेच्या आसपास, नोव्हेंबरात दोनशेच्या वर आणि डिसेंबरातही शंभरच्या वर, असे त्याचे ढोबळ मान आहे. जानेवारीत तो एकदम उतरतो आणि फेब्रुवारी व मार्च हे जवळजवळ कोरडे जातात. पुण्याच्या वाचकांना हे सहज कळावे म्हणून सांगतो, की पुण्यात भर जुलैमध्ये जेवढा पाऊस पडतो, त्याहून जास्त पाऊस अंदमानात ऑक्टोबरमध्ये पडतो, आणि तो महिना आपल्या माहितीपत्रकांत 'उत्तम काळा'च्या आरंभी असतो.

याचे कारण भूगोलाच्या शालेय पुस्तकातच आहे. आपल्याकडे दसरा झाला की पाऊस संपला असे मानतात आणि ते महाराष्ट्रापुरते बरेचसे खरेही आहे, कारण आपला पाऊस नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा आहे. अंदमान बेटे मात्र बंगालच्या उपसागराच्या आग्नेय टोकाला, अकराव्या-बाराव्या अक्षांशाच्या आसपास पसरलेली असल्याने त्यांना दोन्ही मोसमी वारे भेटतात. मे महिन्यात नैर्ऋत्येकडून सुरू झालेला पाऊस ओसरतो न ओसरतो, तोच ईशान्येकडून वारे वाहू लागतात आणि तमिळनाडूप्रमाणे इथेही ऑक्टोबर ते डिसेंबर हा दुसरा पावसाळा सुरू होतो. 'ऑक्टोबर हीट'ने त्रासलेला मुंबईकर थंड हवेच्या आणि निळ्या समुद्राच्या ओढीने तिकडे जातो, त्या वेळी तिथला पाऊस फक्त दिशा बदलत असतो.

यातच दुसरी आणि अधिक गंभीर गोष्ट येते, ती चक्रीवादळांची. बंगालच्या उपसागरात वादळांचे दोन हंगाम असतात. एक मान्सूनच्या आधीचा, एप्रिल-मेचा; दुसरा मान्सूननंतरचा, ऑक्टोबर ते डिसेंबरचा, आणि हा दुसरा अधिक जोरकस. ओडिशा किंवा आंध्रच्या किनाऱ्यावर धडकणारी कितीतरी वादळे आधी अंदमानच्या समुद्रात आकार घेतात आणि बेटांना ओलांडून पुढे जातात. ऑक्टोबर २०१३ मधले 'फायलिन' मायाबंदरजवळून गेले, त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यात 'लेहर' पोर्ट ब्लेअरजवळून गेले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये 'हुदहुद'ने लाँग आयलंडजवळ बेटे ओलांडली. विशाखापट्टणमला झोडपणारे 'हुदहुद' आपल्या लक्षात राहिले, पण ते आधी कुठून गेले हे आपण विसरलो. या तारखा पाहिल्या की लक्षात येते, की आपली दिवाळीची सुट्टी दरवर्षी याच हंगामात पडते. अधिक महिना आला की दिवाळी नोव्हेंबरात सरकते, न आला तर ती आदल्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवस अलीकडे येते, पण वादळांच्या हंगामातून ती काही बाहेर पडत नाही.

डिसेंबर २०१६ ची घटना तर अनेकांना आठवत असेल. पुढे 'वरदा' या नावाने चेन्नईवर आदळलेले वादळ त्या वेळी अंदमानच्या आसपास तीव्र होत होते. हॅवलॉक, म्हणजे आताचे स्वराज द्वीप, आणि नील, म्हणजे शहीद द्वीप, या दोन बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले आणि शेवटी त्यांना आणण्यासाठी नौदलाची व तटरक्षक दलाची जहाजे पाठवावी लागली. सर्वजण सुखरूप परतले हे खरे, परंतु ज्यांची पुढची विमाने चुकली, ज्यांच्याबरोबर लहान मुले किंवा रोजची औषधे घेणारी वडीलधारी माणसे होती, त्यांनी ते दिवस कसे काढले असतील याची कल्पना करता येते.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांच्या बाबतीत यात आणखी एक भर पडते. आपल्यापैकी बरेच जण चेन्नईला विमान बदलून पुढे जातात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा चेन्नईचाही मुख्य पावसाळा आहे. डिसेंबर २०१५ च्या महापुरात चेन्नईचा विमानतळ काही दिवस बंद होता आणि डिसेंबर २०२३ मध्ये 'मिचौंग' वादळाच्या वेळी धावपट्टीवर पाणी साचल्याने तो पुन्हा बंद करावा लागला. बेटांवर लख्ख ऊन असले तरी वाटेतच माणूस अडकू शकतो, हे सहल ठरवताना कोणी सांगत नाही.

माझ्यासारख्या कोकणात राहणाऱ्याला एक फरक विशेष जाणवतो. आपल्याकडे मे महिन्याच्या शेवटी गेटवे-मांडवा लाँच बंद होतात आणि मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही थांबतात. ऑगस्ट अखेरपर्यंत ही वाहतूक बंद राहणार, हे सर्वांना ठाऊक असते. त्यामुळे कोणी जुलैमध्ये सिंधुदुर्ग किल्ला पाहण्याचा बेत आखत नाही. अंदमानात तसे करणे शक्यच नाही, कारण तिथल्या बोटी या पर्यटकांआधी बेटावर राहणाऱ्या माणसांच्या आहेत. भाजी, औषधे, टपाल, रुग्ण आणि शाळकरी मुले त्याच बोटींनी जातात-येतात. म्हणून त्या बारा महिने चालू ठेवाव्या लागतात, आणि समुद्र खवळला की त्या-त्या दिवसापुरत्या रद्द होतात. याचा परिणाम असा होतो, की आरक्षण वर्षभर मिळते, पैसे भरता येतात, पण प्रवास होईल की नाही हे आदल्या संध्याकाळपर्यंत कळत नाही. सरकारी बोटींवर बेटवासीयांना प्राधान्य असते आणि ते असायलाच हवे. अडचणीच्या दिवशी तिथे हुज्जत घालणारे आपले पर्यटक पाहिले की संकोच वाटतो.

नाताळ आणि नववर्ष यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. गर्दी आणि भाव दोन्ही त्या पंधरवड्यात कळसाला पोहोचतात. पाऊस कमी होत आलेला असतो, मात्र ईशान्येचा वारा अजून जोरात असल्याने बेटांच्या पूर्वेकडचे किनारे, उदाहरणार्थ स्वराज द्वीपावरचे विजयनगर किंवा काला पत्थर, अस्वस्थ असतात. पश्चिमेला तोंड केलेला राधानगर किनारा त्या मानाने शांत असतो. जूनपासून हे चित्र बरोबर उलटे होते. दुसरी गोष्ट दिवसाच्या लांबीची. घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचे, पण बेटे मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ वीस रेखांश, त्यामुळे डिसेंबरात तिथे संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. मुंबईच्या सवयीने दहाला न्याहारी उरकून बाहेर पडणाऱ्या कुटुंबाच्या हाती मग फारसा दिवस उरतच नाही. पहाटे पाच-साडेपाचला उजाडते तेव्हा उठून निघण्याची तयारी असेल, तरच तिथला दिवस पुरतो.

आता फेब्रुवारीविषयी. माझ्या मते जानेवारीचा शेवटचा आठवडा ते मार्चअखेर हा अंदमानसाठी खरा काळ आहे आणि त्यातही फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा सर्वांत भरवशाचा. ईशान्येचा वारा मंदावलेला असतो, नैर्ऋत्येचा यायला अवकाश असतो आणि या मधल्या अवधीत समुद्र खरोखर निवांत होतो. दुपारचे तापमान तीस अंशांच्या आसपास राहते. गाळ खाली बसल्याने पाणी नितळ असते, त्यामुळे स्कूबा करणाऱ्यांना आणि नुसता मुखवटा लावून वरून प्रवाळ पाहणाऱ्यांनाही दूरवरचे दिसते. वंडूरहून जाणारा, महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातला जॉली बॉय हा टापू साधारण नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंतच खुला असतो आणि उरलेल्या काळात त्याऐवजी रेडस्किन उघडतात. जॉली बॉयला नोव्हेंबरात जाणे आणि फेब्रुवारीत जाणे यांत पाण्याच्या स्वच्छतेचा मोठा फरक पडतो. उत्तरेला डिगलीपूरजवळ कालीपूरच्या किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालायला येतात, तो हंगामही डिसेंबर ते फेब्रुवारी असाच आहे. मात्र डिगलीपूर राजधानीपासून रस्त्याने सुमारे तीनशे किलोमीटर दूर असल्याने त्यासाठी वेगळे दिवस राखावे लागतात, घाईच्या सहलीत ते बसत नाही.

महिना ठरला की तिथीही पाहावी, असे मी सुचवीन. यात धर्माचा काही संबंध नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी, असते, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी असतेच. शहीद द्वीपावरचा नैसर्गिक दगडी पूल जवळून पाहायचा, किंवा डिगलीपूरच्या रॉस आणि स्मिथ या जोडबेटांमधल्या वाळूच्या पट्टीवरून चालायचे, तर ओहोटी चांगली खोल लागते आणि ती उधाणाच्या दिवसांत मिळते. याउलट पाण्याखाली प्रवाळ पाहायचे असतील तर भांगाचे दिवस बरे, कारण पाण्याला ओढ कमी असते. रात्री लाटांमध्ये चमकणारे सूक्ष्मजीव पाहण्याची हौस असेल, तर मात्र अमावास्येच्या आसपासच जावे. एवढे सगळे एकाच सहलीत साधत नाही. आपल्याला नेमके काय पाहायचे आहे हे आधी ठरवावे लागते.

ज्या मराठी माणसाला केवळ सेल्युलर जेलसाठी अंदमानला जायचे आहे, त्याचा विचार वेगळा. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या त्या तुरुंगाच्या सात भुजांपैकी आज तीनच उभ्या आहेत आणि स्वातंत्र्यवीर सावरकरांची कोठडी पाहण्यासाठी महाराष्ट्रातून अनेक गट दरवर्षी जातात. यांतले काही गट जयंतीचा, म्हणजे २८ मेचा, मुहूर्त धरतात. भावना आदरणीय आहे, परंतु तोपर्यंत बेटांवर मोसमी पाऊस बहुधा सुरू झालेला असतो. स्वतः सावरकर ४ जुलै १९११ रोजी, भर पावसाळ्यात, तिथे पोहोचले होते, तेव्हा पावसात ती इमारत पाहण्यात काही कमीपणा नाही. फक्त त्या तारखांना दुसऱ्या बेटांचा बेत जोडू नये आणि ध्वनी-प्रकाश कार्यक्रम उघड्यावर असल्याने तो होईलच असे गृहीत धरू नये. ज्यांना दोन्ही हवे आहे त्यांच्यासाठी सावरकरांचा आत्मार्पण दिन, २६ फेब्रुवारी, हा कितीतरी सोयीचा आहे. त्या वेळी हवामान वर्षातले सर्वोत्तम असते. आयोजकांनी या तारखेचा विचार का करू नये, हे मला कळत नाही.

एप्रिलविषयी माझे मत थोडे सावध आहे. समुद्र शांत असतो, पाऊस तुरळक असतो, पण उष्मा वाढतो आणि महिन्याच्या उत्तरार्धात समुद्राचे पाणीही तापते. २०१० च्या उन्हाळ्यात पाण्याचे तापमान वाढून अंदमानातली प्रवाळे मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली होती. अशा काळात त्यांच्यावर पाय देणे किंवा त्यांना हात लावणे अधिकच घातक ठरते. दुसरा मुद्दा पिण्याच्या पाण्याचा. श्रीविजयपुरमला धानीखारी धरणातून पाणी येते आणि मार्च-एप्रिलमध्ये त्याची पातळी उतरली की शहरात पाणीकपात करावी लागते. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या गावात टंचाई कशी, असा प्रश्न देशावरच्या वाचकाला पडेल. कोकणातल्या वाचकाला पडणार नाही. उतारावरून पाणी तासाभरात समुद्राला मिळते आणि मे महिन्यात वाडीवर टँकर येतो, हे आमच्याकडे दरवर्षी घडते. पर्यटकाला सर्वांत सुखाचे वाटणारे महिने तिथल्या रहिवाशाला पाण्याच्या दृष्टीने सर्वांत कठीण जातात, हे ध्यानात ठेवून हॉटेलातला नळ वापरला तरी पुष्कळ झाले.

फेब्रुवारी उत्तम, हे ऐकल्यावर पालक विचारतील की शाळेचे काय. हा आक्षेप रास्त आहे. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते, दहावीची त्यापाठोपाठ मार्चपर्यंत चालते आणि बाकीच्या वर्गांच्या वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये होतात. राज्य मंडळाच्या शाळेत मुले असणाऱ्या कुटुंबाला मग एप्रिलचा शेवटचा आठवडा ते मेचे पहिले काही दिवस एवढीच अरुंद फट उरते. ती मी दिवाळीपेक्षा बरी मानतो, मात्र १० मेच्या आत परतण्याच्या अटीवर. ज्या वर्षी घरातले मूल दहावी किंवा बारावीला असते, ते वर्ष मात्र या बाबतीत सर्वांत अनुकूल. परीक्षा मार्चमध्ये आटोपते, निकाल लांब असतो आणि बेटांवर अजून चांगले दिवस शिल्लक असतात. निवृत्त मंडळींना तर शाळेचे बंधनच नाही. तरीही त्यांचे गट दिवाळीत आणि मेमध्ये जाताना दिसतात, ते केवळ आयोजकांनी सहली त्या दिवसांत काढलेल्या असतात म्हणून. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना रजा-प्रवास सवलतीत विमानाने अंदमानला जाता येते. त्यांनी तरी ही सवलत शाळेच्या सुट्टीला बांधून घेऊ नये, विशेषतः मुले मोठी झाली असतील तर.

पावसाळ्यात कोणी जाऊच नये असे माझे म्हणणे नाही. जून ते ऑगस्टमध्ये दर खाली येतात, जंगल हिरवे गच्च होते आणि ज्याला खोलीच्या पडवीत बसून पाऊस पाहायला आवडते त्याचे तिथे उत्तम जमेल. पण त्याने तो पाऊस पाहायलाच जावे, पाण्याखालची प्रवाळे पाहायला नव्हे, आणि हातात दोन-तीन दिवस मोकळे ठेवून जावे.

आयोजकांकडे एक छोटीशी मागणी आहे. कोणत्याही महिन्यात जाणाऱ्या सहलीचा क्रम असा ठेवावा, की दूरची बेटे आधी होतील आणि शेवटचा पूर्ण दिवस राजधानीत जाईल. आज अनेक वेळापत्रकांत स्वराज द्वीपाहून दुपारच्या बोटीने येऊन दुसऱ्या दिवशी सकाळी विमान, असे कार्यक्रम असतात. एक बोट रद्द झाली की सगळा परतीचा प्रवास कोलमडतो आणि मग नव्या तिकिटांचा भुर्दंड कोणी सोसायचा यावरून वाद होतात. बोट हवामानामुळे रद्द झाल्यास पैसे परत मिळणार का, जास्तीच्या मुक्कामाचा खर्च कोणाचा, हे करारपत्रात मराठीत आणि वाचता येईल अशा अक्षरात लिहिलेले असावे.

आणि एक विनंती आपल्याला. आपल्या पर्यटन पुरवणीत अंदमानचा लेख किंवा जाहिरात येईल तेव्हा त्याच पानावर बारा महिन्यांच्या सरासरी पावसाची एक लहानशी चौकट छापावी, आणि हवामान खात्याकडून अंदमान समुद्रासाठी मच्छीमारांना दिला जाणारा इशारा ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मे या महिन्यांत आपल्या हवामानवृत्तात नियमित द्यावा. आज तो इशारा फक्त अरबी समुद्रापुरता वाचायला मिळतो. दिवाळीच्या सहलींची आरक्षणे गणपतीच्या आधीच सुरू होतात, तेव्हा ही चौकट ऑगस्टच्या पुरवणीत आली तर तिचा उपयोग होईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियमित वाचक,
रत्नागिरी